जीवाश्मांच्या टाइप नमुन्यांची सूची : कोकणातील लहान संग्रहांसाठी मार्गदर्शन

एखाद्या जीवाश्म जातीला प्रथम नाव दिले जाते, तेव्हा ते नाव एका विशिष्ट नमुन्याला, किंवा जुन्या काळात अनेक नमुन्यांच्या संचाला, बांधले जाते. अशा नमुन्याला टाइप म्हणतात. पुढे कोणी त्या जातीच्या ओळखीविषयी शंका घेतली, तर मूळ वर्णन कितीही तपशीलवार असले तरी शेवटी तो नमुनाच काढून पाहावा लागतो. तो देखणा असतो असे नाही. बरेचदा तो अर्धवट फुटलेलाच असतो. त्याचे टाइप असणे दगडावर कुठेही दिसत नाही. छापील लेख, नमुन्यावरचा क्रमांक आणि सोबतची चिठ्ठी या तिघांचा मेळ बसतो तोवरच तो टाइप म्हणून ओळखता येतो.

कोकणात हा मेळ मोडायला सुरुवात चिठ्ठीपासून होते. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या दगडाचे आषाढातल्या हवेने सहसा फारसे बिघडत नाही, पण डिंकाने डकवलेली चिठ्ठी सादळते, तिला कसर लागते, शाई फुटते आणि शेवटी खोक्याच्या तळाशी तिचा चुरा तेवढा उरतो. म्हणून सूचीचे काम दिवाळीनंतर हाती घेऊन शिमग्यापर्यंत उरकावे. हवा कोरडी असताना खोकी उघडलेली बरी.

पहिले काम : जागेवरचे छायाचित्र

काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खणाचे वरून छायाचित्र घ्यावे, त्यानंतर प्रत्येक खोक्याचे आणि त्यातील चिठ्ठ्यांचे, पाठपोट दोन्ही बाजूंनी. कोणती चिठ्ठी कोणत्या दगडाशेजारी पडली होती, हा पुरावा एकदा खोके रिकामे केले की कायमचा जातो. मी स्वतः एका महाविद्यालयाच्या संग्रहात हे न करता उत्साहाने तीन खण साफ केले होते; दोन चिठ्ठ्या कोणत्या शिंपल्यांच्या होत्या हे आजतागायत ठरवता आलेले नाही. जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी टाकू नये. ती स्वच्छ पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून नमुन्यासोबतच ठेवावी आणि नवी चिठ्ठी तिच्या जोडीला द्यावी.

लेखापासून नमुन्याकडे

टाइप शोधण्याची स्वाभाविक रीत म्हणजे कपाट उघडून ‘टाइप’ लिहिलेले नमुने वेगळे काढणे. ती अपुरी आहे आणि दिशाभूलही करते. जुन्या चिठ्ठ्यांवर ‘टाइप’ हा शब्द पुष्कळदा ‘या जातीचा चांगला, ठसठशीत नमुना’ एवढ्याच अर्थाने लिहिलेला आढळतो. उलट खरा टाइप साध्या खोक्यात, कोणतीही खूण नसताना, पडलेला असू शकतो. म्हणून आधी आपल्या संग्रहातील साहित्यावर नवी जात वर्णिली गेली आहे असे सर्व छापील लेख गोळा करावेत, प्रत्येकातील नावांची यादी करावी आणि मग एकेका नावासाठी नमुना शोधावा. लेखातील मापे, आकृतीतील फुटीच्या कडा, खडकाचा रंग, जुना क्रमांक यांपैकी शक्य तितक्या गोष्टी जुळवून पाहाव्यात. आकृतीतील तडा नमुन्यावर त्याच जागी दिसला, तर तो सर्वांत भक्कम पुरावा. मात्र जुन्या शिलामुद्रित चित्रांत डावे-उजवे उलटे छापले गेलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

दर्जा ठरवताना

प्राण्यांच्या नावांसाठी प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आली. वनस्पतींच्या जीवाश्मांना शैवाल, कवक व वनस्पती यांची वेगळी संहिता आहे. प्राण्यांत नाव धारण करणारे टाइप चार : मूळ लेखकाने एकच नमुना ठरवला तर होलोटाइप, त्याने अनेक नमुने समोर ठेवून एकही वेगळा काढला नाही तर ते सारे सिन्टाइप, त्यांतून नंतर कोणी छापील लेखात एक निवडला तर तो लेक्टोटाइप आणि उरलेले पॅरालेक्टोटाइप, मूळ साहित्य नष्ट झाले असल्यास विशिष्ट अटींवर नेमलेला तो निओटाइप. पॅराटाइप (होलोटाइपसोबत मूळ लेखकासमोर असलेले इतर नमुने) आणि पॅरालेक्टोटाइप जपायलाच हवेत, पण नाव त्यांच्यावर अवलंबून नसते. त्याच ठिकाणाहून नंतर गोळा केलेल्या नमुन्याला टोपोटाइप म्हणण्याचा प्रघात आहे. नामकरणाच्या दृष्टीने त्याला कोणताच दर्जा नाही. प्लास्टरच्या प्रतिकृतीलाही नाही. म्हणून ‘प्रतिकृती’ हा शब्द तिच्या अंगावरच लिहावा, केवळ चिठ्ठीवर नको.

येथे सूचीकाराने हात आखडता ठेवायचा असतो. लेखात ‘होलोटाइप’ हा शब्द नाही, नमुने किती होते तेही सांगितलेले नाही, आणि आपल्या खणात एकच नमुना आहे, अशा वेळी त्याला होलोटाइप लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. २००० पूर्वीच्या नावांबाबत संहितेची शिफारस नेमकी उलट आहे : लेखकासमोर एकाहून अधिक नमुने असण्याची शक्यता असेल, तर सिन्टाइप असू शकतात असे धरूनच चालावे. तेव्हा नोंदीत ‘सिन्टाइप (संभाव्य)’ असे लिहून कारण द्यावे. लेक्टोटाइप निवडणे हे तर सूचीचे कामच नव्हे. १९९९ नंतर अशी निवड प्रकाशित लेखात, जाणीवपूर्वक आणि स्पष्ट शब्दांत करावी लागते, आणि ती त्या गटाच्या अभ्यासकाने केलेली बरी. त्यापूर्वीच्या काळात मात्र एखाद्या लेखकाने अनेकांपैकी एका नमुन्याला निःसंदिग्धपणे ‘द टाइप’ म्हटले असेल, तर तेवढ्यानेही लेक्टोटाइपची निवड झालेली असू शकते. त्यामुळे मूळ लेखावर न थांबता त्यानंतरचे लेखनही चाळावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण सूचीतील बहुतेक चुका इथेच जन्मतात.

वनस्पतींच्या संहितेतील तारखा निराळ्या आहेत : १ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीचा टाइप सांगणे सक्तीचे झाले, आणि १९९० पासून तो कोणत्या संस्थेत आहे हेही सांगावे लागते. पानाचा ठसा आणि त्याचा प्रतिठसा, म्हणजे एकच शिळा फोडल्यावर निघालेल्या दोन बाजू, यांना एकच क्रमांक देऊन पुढे ‘अ’ आणि ‘ब’ लावावे. त्यांतली एक बाजू दुसऱ्या संस्थेत गेली असेल तर तसे दोन्हीकडच्या नोंदीत लिहावे.

वरळीचा बेडूक : नोंद कशी भरावी

उदाहरण कोकणच्या उत्तर टोकाचेच घेऊ. मुंबईत वरळीच्या टेकडीवर दख्खनच्या लाव्हाथरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील गाळाचे थर आहेत, आणि त्यांत छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले. पुढे नोबल यांनी १९३० मध्ये त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्राकस’ ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, आणि नाव ‘इंडोबॅट्राकस पुसिलस’ असे झाले. त्याच टेकडीवरच्या कासवाला हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये ‘टेस्टुडो लीथिआय’ म्हटले. आज ते ‘कार्टरेमिस’ या प्रजातीत गणले जाते.

समजा, अशा एखाद्या जातीचा नमुना आपल्याकडे आहे. नोंदीत नाव दोनदा येते. पहिल्या रकान्यात मूळ नाव, जसे प्रथम छापले तसे : राना पुसिला, ओवेन, १८४७, लेखाचे पान आणि आकृतीचा क्रमांक. टाइप याच नावाचा असतो. दुसऱ्या रकान्यात सध्याचे नाव, आणि प्रजाती बदलली असल्यामुळे लेखकाचे नाव व वर्ष कंसात. दोन्ही रकाने शोधसूचीत असावेत, कारण प्रजातीच्या नावाच्या व्याकरणातील लिंगानुसार ‘पुसिला’चे ‘पुसिलस’ झाले आहे आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वयाचेही तसेच. वरळीचे हे थर पूर्वी इओसीन मानले जात. आज दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाभोवतीचे मानतात. चिठ्ठीवर ‘इओसीन’ असेल तर ते तसेच उतरवावे आणि आजचे मत वेगळ्या रकान्यात, कोणाच्या आधारे ते सांगून, द्यावे. जुन्या नोंदीवर गिरवून ती सुधारणे म्हणजे पुरावा पुसणे होय.

याखेरीज टाइपचा दर्जा व तो कोणी ठरवला, दाखल क्रमांक, जुने सर्व क्रमांक, तुकड्यांची संख्या, गोळा करणाऱ्याचे नाव व तारीख, थर, नमुन्याची आजची अवस्था आणि त्याच्यावर पूर्वी काय लावले होते (लाख, सरस, राळ) एवढे रकाने पुरतात. रकान्यांची रचना डार्विन कोअर या जैविक नोंदींसाठीच्या प्रचलित मानकाला धरून ठेवली, तर पुढे ती माहिती इतर संस्थांशी जुळवणे सोपे जाते.

स्थळाचा रकाना कोकणात विशेष काळजीने भरावा लागतो. मूळ चिठ्ठीवरील मजकूर अक्षरशः, चुकीच्या स्पेलिंगसह, एका रकान्यात लिहावा. त्याचा आपण लावलेला अर्थ दुसऱ्यात. जुन्या इंग्रजी चिठ्ठ्यांवर सुवर्णदुर्गाचे ‘सेव्हर्नड्रूग’ होते, बाणकोटचे ‘फोर्ट व्हिक्टोरिया’, विजयदुर्गाचे ‘घेरिया’. जिल्ह्यांची नावेही फसवतात. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगड झाले. त्यामुळे १९७० च्या चिठ्ठीवरचे ‘वेंगुर्ले, जि. रत्नागिरी’ हे त्या काळी अचूकच होते. नकाशावरून काढलेले अक्षांश-रेखांश लिहायचे असतील तर ते आपण नंतर ठरवले आहेत आणि किती अंतरापर्यंत चूक संभवते, हे सोबत नोंदवावे. अन्यथा पुढचा वाचक ते मूळ संग्राहकाचेच समजतो.

क्रमांक घालणे

टाइपवर क्रमांक घालताना जागा निवडण्यातच कौशल्य आहे. शिंपल्याची बिजागरी, दातांचा पृष्ठभाग, पानाच्या शिरा यांवर कधीही लिहू नये; भोवतालच्या खडकाची एखादी सपाट, निरुपयोगी बाजू शोधावी. तेथे पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा ॲसिटोनमध्ये केलेला पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर पाण्याने न फुटणाऱ्या काळ्या शाईने क्रमांक लिहावा, आणि वर पुन्हा राळेचा थर द्यावा. नेलपॉलिश आणि व्हाइटनर वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. नेलपॉलिश पिवळे पडून सुटते आणि व्हाइटनरची खपली क्रमांकासकट निघते. ॲसिटोनने जुना सरस किंवा डिंक विरघळत नाही ना, हे एका कोपऱ्यावर आधी पाहून घ्यावे. टाइपच्या खोक्याला लाल खूण करण्याची पद्धत बऱ्याच संग्रहांत आहे. ती पाळावी, पण रंग उडतो, म्हणून शब्दही लिहावा. चिठ्ठीला आम्लरहित कागद घ्यावा. बिलाच्या कागदासारख्या उष्णतेने छापलेल्या चिठ्ठ्या काही वर्षांत कोऱ्या होतात.

दमट हवा आणि खारे वारे

रत्नागिरी परिसरात जांभ्याखाली लिग्नाइट आणि काळ्या मातीचे थर आढळतात, आणि त्यांत वनस्पतींचे अवशेष असतात. अशा साहित्यात मार्कासाइट किंवा पायराइट, म्हणजे लोखंड व गंधकाचे संयुग, असू शकते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ते वेगाने ऑक्सिजनशी संयोग पावते, पांढरी-पिवळी पूड सुटते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होऊन नमुना, खोके आणि चिठ्ठी तिन्ही खाल्ली जातात. असा नमुना हवाबंद पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतादर्शक पट्टीसह ठेवावा, आणि चिठ्ठी वेगळ्या पाकिटात. अडचण अशी की ओले लिग्नाइट एकदम वाळवले तर आक्रसून तडकते. त्यामुळे कोरडे करण्याची घाई न करता आर्द्रता हळूहळू उतरवावी, आणि त्यापूर्वी मोजपट्टीसह सर्व बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. टाइप नमुना तडकलाच, तर उरतील ती हीच छायाचित्रे.

किनाऱ्यावरच्या करलीतून (वाळू व शिंपले घट्ट होऊन झालेल्या खडकातून) काढलेल्या शिंपल्यांना दुसरा धोका असतो. लाकडी खणातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा दमट हवेत शिंपल्याच्या चुन्याशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर भिंतीला लोणा लागतो तशी पांढरी पूड फुलते. पत्र्याचे कपाट त्यामानाने चांगले, पण त्यावर पावडर कोटिंग हवे, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने दोन-तीन वर्षांत गंज धरतो. टाचण्या आणि यू-पिना मात्र खोक्यातून पहिल्याच दिवशी काढून टाकाव्यात.

परागकणांच्या काचपट्ट्यांबद्दल थोडक्यात : टाइप ही संपूर्ण पट्टी नसून तिच्यावरचा एक कण असतो, म्हणून इंग्लंड फाइंडर या मोजपट्टीवरील त्याचे स्थान नोंदीत हवेच. ग्लिसरीन जेलीच्या पट्ट्या आडव्या ठेवाव्यात, कारण उन्हाळ्यात जेली मऊ पडून कण सरकतो.

प्रकाशन, आणि न सापडलेले टाइप

नाव धारण करणारे टाइप स्पष्ट खुणेने ओळखता येतील असे ठेवावेत, सुरक्षित जतन करावेत, अभ्यासकांना पाहू द्यावेत आणि त्यांची यादी प्रसिद्ध करावी, अशी संहितेची संस्थांना शिफारस आहे. यादी छापताना ‘या सूचीत कोणतीही नवी लेक्टोटाइप निवड अभिप्रेत नाही’ हे वाक्य प्रस्तावनेत घालावे. तसेच लेखात आपल्या संस्थेचे नाव असूनही ज्यांचा नमुना हाती लागला नाही, अशी नावे गाळू नयेत. ‘सापडला नाही’ असे लिहून शोध कधी व कोठे घेतला ती तारीख द्यावी. ‘नष्ट’ हा शब्द मात्र प्रत्यक्ष पुरावा असल्याशिवाय वापरू नये, कारण त्याच्या आधारे कोणीतरी निओटाइप नेमण्याची शक्यता असते. त्या नमुन्याचा क्रमांक दुसऱ्याला न देता राखून ठेवावा. उसना गेलेला दगड वीस वर्षांनी एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्या माळ्यावरून परत येतो, तेव्हा त्याला आपली जागा रिकामी मिळायला हवी.