दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी देणगी कशी द्यावी: व्हीलचेअरनंतरचा खर्च कोण उचलणार?

वडिलांचं वर्षश्राद्ध असो, मुलीचा वाढदिवस असो की मार्चअखेरची कर वाचवण्याची घाई, अनेक घरांत एक विचार हमखास येतो: यंदा एखाद्या गरजूला व्हीलचेअर देऊ. विचार चांगलाच आहे. पण झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून पाठीच्या कण्याला मार बसलेल्या तरुणाला व्हीलचेअर लागते काही वर्षांतून एकदा. फिजिओथेरपी, कॅथेटर (लघवीची नळी), बेडसोर होऊ नयेत म्हणून लागणारी गादी आणि दवाखान्यात न्यायची रिक्षा हा खर्च मात्र महिन्यामागून महिने चालू राहतो. देणगीदार वस्तूला पैसे देतात आणि कुटुंबं कर्जात बुडतात ती या चालू खर्चापायी. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की वस्तू द्यायचीच तर पुढच्या उपचारासह द्या, नाहीतर सरळ उपचारालाच द्या.

आधी गरज नेमकी ओळखा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. त्यातल्या चलनवलनाच्या दिव्यांगत्वातही सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणं), हात-पाय गमावणं असे एकमेकांपासून फार वेगळे त्रास येतात. कुठे पैसा कमी पडतो, हे प्रत्येकात वेगळं असतं.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचं, म्हणजे क्लबफूटचं बघा. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुतेक बाळांचं पाच-सात प्लास्टरमध्ये काम होतं. टाचेमागची शीर सैल करायला अनेकदा एक छोटा छेद द्यावा लागतो, मोठी शस्त्रक्रिया सहसा टळते. खरी परीक्षा त्यानंतर असते. पट्टीने जोडलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. बाळ रडतं, बूट लहान होतात, तपासणीला यायचं तर आईबापांची मजुरी बुडते. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू शकतं आणि केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. इथे तुमचे पैसे बुटांच्या पुढच्या मापाला आणि एसटीच्या तिकिटाला गेले, तर एक मूल आयुष्यभर सरळ चालेल. इतक्या कमी पैशांत इतकं मोठं काम होण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

पाय गमावलेल्यांचं गणित निराळं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून जयपूर फूट मोफत बसवते. पुण्यात साधु वासवानी मिशनही कृत्रिम हात-पाय मोफत देतं. पण पहिल्या काही महिन्यांत उरलेल्या पायाचा आकार बारीक होतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा तो बसवायचा खोलगट भाग, सैल पडतं, घासून जखम होते आणि कृत्रिम पाय कोपऱ्यात उभा राहतो. तेव्हा दुसऱ्या सॉकेटसाठी आणि चालण्याच्या सरावासाठी पैसे आहेत का, हे विचारा.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षानुवर्षं थेरपी लागते आणि पायाला आधार देणारे स्प्लिंट वाढत्या वयाबरोबर बदलावे लागतात. त्यांच्यासाठी दरमहा ठरलेली रक्कमच उपयोगी.

हक्काचं आहे ते आधी मिळवून द्या

जे सरकारकडून मिळू शकतं त्यावर देणगी खर्च करू नका. ओळखीतल्या कुटुंबाला मदत करत असाल, तर पहिला प्रश्न: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे का? ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर साधनं मिळतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत तो मागावा लागतो, आणि मागणारा कुणी असला तर मिळतोही. सेरेब्रल पाल्सी असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. हे अर्ज भरायला, दाखले गोळा करायला, रांगेत थांबायला तुम्ही एक सुट्टी दिलीत, तरी ती देणगीच आहे.

संस्था निवडताना

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ८०जी प्रमाणपत्र (ज्यावर देणगीदाराला आयकरात वजावट मिळते) आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, हे मागायला संकोचू नका. चांगल्या संस्था ते आनंदाने दाखवतात. दिव्यांगांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्थांकडेही आवर्जून बघा. कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड १९८४ मध्ये सुरू झाली ती स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. व्हीलचेअर देताना माप कोण घेतं ते पाहा. जाणकार थेरपिस्ट माणसाला खुर्चीत बसवतो, मांडी आणि बाजूच्या पट्टीमध्ये तळहात जेमतेम सरकतो का बघतो, गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची फट तपासतो, पाय पायदानावर सपाट टेकतात की लोंबतात ते वाकून पाहतो, शेवटी बसण्याखाली हात घालून हाडाचा दाब कुठे येतो ते चाचपतो. हे न करता एकाच मापाच्या शंभर खुर्च्या वाटणं म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा देणं. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चुकीच्या बैठकीची जखम कळतही नाही आणि ती जिवावर बेतू शकते.

मग विचारा: सहा महिन्यांनी किती जण तपासणीला परत आले? चाक मोडलं तर दुरुस्त कोण करतं? फिजिओथेरपिस्ट पगारी आहे की अधूनमधून येणारा? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी संस्था बघा.

पैसे देताना

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ५०० किंवा १,००० रुपयांची नियमित रक्कम संस्थेला जास्त आधार देते, कारण त्यावर थेरपिस्टचा पगार ठरवता येतो. ‘माझा पैसा पगारावर नको’ ही अट कृपया घालू नका. या कामात थेरपिस्टचे हात हाच मुख्य उपचार आहे.

८०जीची वजावट हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नका, पॅन द्या आणि पावतीबरोबर देणगीचं प्रमाणपत्रही घ्या. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतली देणगी विदेशी धरत नाहीत. नागरिकत्व बदललेलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी ठरते. अशा वेळी एफसीआरए नोंदणी (विदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी) असलेल्या संस्थेलाच, तिच्या ठरलेल्या खात्यात द्या.

लाभार्थ्यासोबत फोटोचा आग्रह धरू नका. त्याऐवजी वर्षाने संस्थेला फोन करून विचारा, उपचार चालू आहेत का आणि मध्येच कुणी थांबलं असेल तर कशामुळे. बऱ्याचदा कारण गाडीभाड्याइतकं छोटं निघतं. पुढच्या वर्षीची देणगी त्याच कारणासाठी लिहून द्या.