प्रवेशिकेसाठी चित्राचा फोटो: माझा अनुभव

आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी कला प्रदर्शनात परीक्षक आधी फोटोच बघतात. माझ्या तैलचित्राच्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत वार्निशवर पांढरी चकाकी आली आणि गडद निळा पार काळा पडला. त्याच निळ्यावर मी महिनाभर घालवला होता! शेवटी चित्र गच्चीवर सावलीत भिंतीला टेकवलं. चार-पाच पावलं मागे जाऊन २ पट झूम केला, म्हणजे कडा फुगत नाहीत. टेकवलेलं चित्र जरा मागे कलतं, तेवढाच मोबाइलही कलता धरला; चौकट सरळ आली. शेजारी ठेवलेल्या पांढऱ्या कागदावरून फोटोतले रंग जुळवले, मग फोटोतून तो कागद कापून टाकला. निळा निळाच दिसला. फोटो मात्र केबलनेच संगणकावर घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते, बारीक फटकारे पुसट होतात.