स्लाइड्सचा जुना डबा उघडण्याआधी

प्रोजेक्टर आहे तिथेच राहू द्या. डबा सापडला की एकदा भिंतीवर बघून घ्यायचा मोह होतोच, पण त्या दिव्याखालचं प्रत्येक मिनिट रंग खातं. त्यात कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मची गंमत अशी की अंधारात ती कित्येक दशकं जशीच्या तशी राहते आणि दिव्यासमोर इतरांच्या आधी उडते. त्यापेक्षा लाइट बॉक्स, भिंग आणि सुती हातमोजे काढून ठेवा.

मग आधी माउंट, म्हणजे स्लाइडची चौकट, वाचा. फिल्मचं नाव असतं, पुष्कळदा कडेला धुतल्याचा महिना आणि वर्षही छापलेलं असतं. एक्टाक्रोम ही कोडॅकचीच दुसरी स्लाइड फिल्म, 1946 पासूनची. पण ती धुण्याची ई-6 प्रक्रिया 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि तिच्या आधीच्या एक्टाक्रोमकडे जरा काळजीने बघा. त्यांचा सियान (निळसर-हिरवा) रंग डब्याच्या अंधारातही विरत जातो, उष्ण जागी तर भराभर. भिंगातून आकाशाकडे नको, सावल्यांकडे बघा: काळा कोट विटकरी दिसला, केसांवर लाली आली, तर समजा सियान गेला. अशा स्लाइड्सचा वेगळा गठ्ठा करा आणि स्कॅनिंग तिथूनच सुरू करा. मी नेमकं उलटं केलं होतं, सुंदर दिसणाऱ्या कोडाक्रोम आधी! त्या थांबल्या असत्या.

धुळीसाठी हाताने दाबायचा ब्लोअर पुरे. पाणी अजिबात नको; बुरशीने फिल्मवरचं, चित्र धरून ठेवणारं जिलेटिन पोखरलेलं असेल तर डागाबरोबर चित्रही सुटून येतं. काचेच्या माउंटमध्ये दमट हवा अडकते, त्या स्लाइड्स सगळ्यात आधी तपासा. व्हिनेगरसारखा वास आला तर ती फिल्म लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा.

स्कॅनर 16 बिट (रंगांच्या जास्त बारीक छटा) आणि टिफवर (तपशील न गमावणारा फाइल प्रकार) लावा, रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद करा. सुधारणा नंतर, प्रतीवर. सियान गेलेल्या स्लाइडचा लाल चॅनेल इतका फिका असतो की तो ताणताना प्रत्येक बिट कामी येतो. इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय एक्टाक्रोमवर छान चालते, कोडाक्रोमवर मात्र ती खऱ्या रेघाच पुसून टाकते, म्हणून तिथे बंद.

शेवटी ठेवायची जागा. पीव्हीसीची पाकिटं फेका, पॉलिप्रॉपिलीनची आणा. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर हवाबंद पिशवीतच, आणि बाहेर काढल्यावर खोलीचं तापमान येईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.