घरच्या घरी व्हीआरचा हॅप्टिक ग्लोव्ह: आधी स्पर्श, मग पकड

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घातल्यावर दिसणाऱ्या आभासी जगात, समोर टेबल दिसतं, आपण हात पुढे करतो आणि हात सरळ आरपार जातो, तिथेच सगळी मजा संपते. पण त्याच क्षणी बोटाच्या टोकाला छोटीशी थरथर मिळाली तर काहीतरी लागलं असं खरंच वाटतं. असा स्पर्श देणारा हातमोजा म्हणजे हॅप्टिक ग्लोव्ह, आणि एवढं घरी करता येतं. थरथर किती जोरात आहे यापेक्षा ती किती वेळेवर येते हे जास्त महत्त्वाचं, त्यामुळे सगळी बांधणी त्याच हिशोबाने करायची.

सामान फार नाही. ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर), १० मिलिमीटरच्या पाच कॉइन व्हायब्रेशन मोटर (नाण्यासारख्या चपट्या, थरथरणाऱ्या), यूएलएन२००३ आयसी (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारी चिप), ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि हाताला घट्ट बसणारा पातळ कापडी ग्लोव्ह. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, नाहीतर ऑनलाइन. बॅटरी मात्र प्रोटेक्शन सर्किटवालीच (शॉर्ट झाला तर स्वतःच बंद होणारी) घ्या, हातावर बांधायचीय ती.

आता जोडणी. मोटर बोर्डाच्या पिनला थेट लावायची नाही, कारण कॉइन मोटर साधारण ७०-८० मिलिअँपिअर ओढते, सुरू होताना अजून जास्त, आणि पिनला ते झेपत नाही. म्हणून मध्ये यूएलएन२००३. बोर्डाच्या १३, २५, २६, २७ आणि ३३ या पिना आयसीच्या १ ते ५ ला जोडा, समोरच्या १६ ते १२ वर प्रत्येक मोटरची एक वायर, आणि सगळ्या मोटरच्या दुसऱ्या वायरी बॅटरीच्या प्लसला. आयसीची ८ नंबरची पिन म्हणजे ग्राउंड, तिथे बॅटरीचा मायनस आणि बोर्डाचा ग्राउंड दोन्ही एकत्र यायला हवेत. ९ नंबर बॅटरीच्या प्लसला जोडायची, ही पिन बरेच जण तशीच सोडून देतात आणि मग मोटर बंद होताना जो उलटा व्होल्टेजचा झटका येतो त्याला आतल्या डायोडमधून वाट मिळत नाही. या आयसीत साधारण ०.९ व्होल्ट पडतात, म्हणजे ३.७ मधून मोटरला तीनच्या जरा खाली मिळतात, आणि ती बनलेलीच असते ३ व्होल्टसाठी. बोर्ड सुरुवातीला यूएसबी केबलवरच चालवा, वायरलेसच्या भानगडीत लगेच पडू नका.

मोटरच्या मागची चिकटपट्टी कापडावर टिकत नाही. बोटाच्या पेराच्या आतल्या बाजूला छोटा कापडी खिसा शिवा, मोटर त्यात बसवा, आणि वायर जिथून बाहेर येते तिथे ग्लू गनचा एक थेंब टाका कारण त्या वायरी केसासारख्या बारीक असतात आणि बोट चार वेळा वाकवलं की तुटतात. मोटर कडक प्लास्टिकवर चिकटवू नका, थरथर सगळ्या पंज्यात पसरते आणि कुठल्या बोटाला लागलं तेच कळत नाही.

कोडमध्ये खरी गंमत आहे. कॉइन मोटरच्या आत वजन फिरतं, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे हलका स्पर्श द्यायचा म्हणून थेट ३० टक्के पीडब्ल्यूएम (पॉवर भराभर चालू-बंद करून जोर कमी-जास्त करणं) दिला तर ती उशिरा उठते किंवा उठतच नाही. उपाय सोपा आहे: पहिले २०-३० मिलिसेकंद पूर्ण पॉवर द्यायची आणि मग पाहिजे त्या पातळीवर उतरवायची. ही वेळ मोजायला डिले (कोड तिथेच थांबवणारी आज्ञा) वापरू नका, पाचही बोटं एकमेकांसाठी थांबून राहतील, मिलिस (न थांबता वेळ सांगणारी आज्ञा) वापरा. युनिटीत, म्हणजे व्हीआरचा खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक बोटाच्या टोकाला छोटा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) लावा, तो कशाला टेकला की सिरीयलवरून, म्हणजे यूएसबी केबलमधून बोर्डाला, बोटाचा नंबर आणि जोर पाठवा, टेकणं सुटलं की शून्य. बोटं कुठे आहेत हे सध्या हेडसेटच्या कॅमेऱ्यालाच बघू द्या, फक्त वायरी मनगटाकडे नीट बांधून घ्या, नाहीतर कॅमेरा गोंधळतो.

एवढं चाललं की मॉडिफाय करायला भरपूर जागा आहे. स्पर्श अजून टोकदार हवा असेल तर एलआरए मोटर (वजन फिरवण्याऐवजी पुढे-मागे हलवणारी) आणि ती चालवणारी डीआरव्ही२६०५एल ड्रायव्हर चिप घ्या, पण या ड्रायव्हरचा आयटूसी पत्ता (बोर्ड ज्या नंबरने चिप ओळखतो तो) ठरलेलाच असतो, त्यामुळे पाच लावायचे तर त्यांच्याशी एकेक करून जोडून देणारा टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर लागतोच.

आणि वस्तू पकडल्यावर बोट खरंच अडलं पाहिजे असं वाटत असेल तर ल्युसिडग्लोव्ह्ज हे ओपन सोर्स डिझाइन बघा, फार सुंदर विचार केलाय त्यात. आयडी कार्डच्या रीलची दोरी बोटाच्या टोकाला, रीलवर पोटेन्शियोमीटर (किती फिरलं ते मोजणारा भाग), म्हणजे बोट किती वाकलं ते कळतं, आणि वस्तू लागली की सर्व्होचा (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरचा) हात रील अडवतो. स्टीमव्हीआरसाठी (कॉम्प्युटरवर व्हीआर चालवणारं सॉफ्टवेअर) ओपनग्लोव्ह्ज नावाचा ड्रायव्हर, म्हणजे ग्लोव्ह ओळखून देणारा प्रोग्राम, फुकट आहे. हात हवेत कुठे आहे हे मात्र ग्लोव्ह सांगत नाही, त्यासाठी मनगटावर कंट्रोलर किंवा ट्रॅकर बांधावा लागतो. पोटेन्शियोमीटर बोर्डाच्या ३२ ते ३९ मधल्या पिनांवरच लावा, वायफाय चालू असताना बाकीच्या अॅनालॉग पिना नीट वाचता येत नाहीत.

सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, निदान ३ अँपिअरचा, ग्राउंड सामाईक. पाच सर्व्हो एकदम अडकले की बोर्डाच्या सप्लायवर व्होल्टेज पडतो आणि बोर्ड खेळाच्या मध्येच रीसेट होतो. आणि पहिल्यांदा चालवताना दोऱ्या बोटात घालू नका, ग्लोव्ह टेबलावर ठेवून प्रत्येक सर्व्हो कुठल्या दिशेने आणि कुठपर्यंत फिरतो ते बघून मर्यादा कोडमध्ये टाका, मगच हात घाला.