पिल्लू घ्यायचंय? आधी त्याच्या आईला पळताना बघा

ग्वाल्हेरमध्ये विकायला आलेल्या पिल्लाबरोबर ठरावीक शब्द येतात : डबल बोन, हेवी हेड, लाँग कोट, चॅम्पियन लाइन, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर. लष्कर भागात माझा जनावरांचा दवाखाना आहे. दौलतगंजपासून मुरारपर्यंतची मराठी मंडळी पिल्लू घेण्याआधी हल्ली मला विचारतात आणि हेच शब्द जसेच्या तसे ऐकवतात. त्या पिल्लाच्या आईवडिलांनी कधी काही काम केलं का, हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, बॉर्डर कॉली, कारवानी (मुधोळ हाउंड) या कामासाठी घडवलेल्या जाती. त्यांतलं पिल्लू निवडायचं तर त्याच्या घराण्यात गेल्या चार-पाच पिढ्या कशासाठी निवड झाली, ते शोधून काढावं लागतं. ते कसं शोधायचं, ते सांगते.

सुरुवात घरातून करा. हा कुत्रा आपल्याकडे रोज काय करणार आहे, ते कागदावर एका ओळीत लिहा. ‘नातवंडांबरोबर राहील, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरेल’ हे उत्तर अगदी चांगलं आहे, त्यात कमीपणा काही नाही. ‘भितरवारच्या शेतावर रात्री राखण करेल’ हेही चांगलं. पण या दोन घरांना एकाच घराण्यातलं पिल्लू चालणार नाही, मग कागदावर जात एकच लिहिलेली का असेना.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे प्रश्न तुम्हाला आपोआप सुचतील. जर्मन शेफर्डचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. माक्स फॉन श्टेफानिट्स या जर्मन घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये होरांड नावाचा मेंढपाळी कुत्रा विकत घेतला आणि त्याच वर्षी या जातीची संघटना उभी केली. कुत्रा कामाचा असला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पुढे जात उंच आणि चौकोनी होऊ लागली. तिला आळा घालायला १९२५ मध्ये क्लोडो फॉम बॉक्सबर्ग हा ठेंगणा, लांबट नर प्रदर्शनात विजेता ठरवला गेला, आणि थोड्याच पिढ्यांत त्याचं रक्त जगभर पसरलं. प्रदर्शनाच्या रिंगणातल्या एका निवडीचा परिणाम किती दूरवर जातो, ते यातून दिसतं. नंतरच्या काळात लांब ढांगा टाकत दुडक्या चालीने फिरणारा कुत्रा परीक्षकांना आवडू लागला. तशा चालीसाठी मागच्या पायांचा कोन वाढत गेला आणि पाठ उतरती झाली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात अशाच उतरत्या पाठीच्या मादीला जातीतलं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा लोकांनी मोठा गदारोळ केला. पोलीस आणि सैन्यासाठी पैदास होत राहिलेल्या घराण्यांत मात्र आजही सरळ पाठीचे शेफर्ड दिसतात.

पाठ तरी डोळ्यांना दिसते. स्वभावातला बदल दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. काम करण्याची ओढ, आवाजाला न बिथरणं, थकल्यावरही शोध न सोडणं हे गुण एका जनुकावर चालत नाहीत. कितीतरी जनुकं एकत्र यावी लागतात आणि दर पिढीत ती नव्याने पिसली जातात. मेंढपाळ कामात कमी पडलेल्या कुत्र्याची पिल्लं घेत नव्हता, म्हणून ते गुण टिकले. ही चाळणी काढून घेतली की ते कोणी मुद्दाम घालवावे लागत नाहीत, आपोआप ओसरतात. बॉर्डर कॉलीची माणसं हे ओळखून होती. त्यांची संघटना १९०६ पासून मेंढ्यांवरच्या कामावर भर देत आली. अमेरिकेत १९९५ मध्ये ही जात प्रदर्शनांच्या नोंदवहीत घेतली गेली, तेव्हा कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता.

स्वीडनमध्ये केंत स्वार्टबर्ग यांनी २००६ मध्ये ३१ जातींच्या १३ हजारांवर कुत्र्यांच्या स्वभावचाचण्या तपासल्या. जात मुळात कोणत्या कामासाठी घडली, यावरून तिचा आजचा स्वभाव कळेना. अलीकडे निवड कशासाठी होते, याच्याशी मात्र संबंध लागला : प्रदर्शनांत जास्त असणाऱ्या जाती सरासरीने जास्त घाबरट आणि कमी खेळकर निघाल्या. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास झाला. त्यात एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता आला. तेव्हा ‘लॅब आहे म्हणजे शांतच असणार’ हे गृहीत धरून कधीही पैसे मोजू नका.

आता प्रत्यक्ष बघायला जा. पिल्लू जिथे जन्मलं तिथेच जा, बाजारात किंवा गाडीच्या डिकीत बघू नका. ‘मां तो झांसी में है, मैडम’ असं उत्तर आलं की तिथून निघा, कितीही गोड पिल्लू पुढे केलं तरी. आई दाखवली, तर तिला अंगणात उभी करून बघण्यात वेळ घालवू नका, कारण उभं करायला सगळ्यांना येतं. तिला मोकळ्या मैदानात न्यायला सांगा. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आत जा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि त्यात कोणताच कुत्रा खरा दिसत नाही. गुळगुळीत फरशीवरही बघू नका, तिथे निरोगी कुत्राही घसरतो.

आधी मागून बघा. चालताना मागच्या पायांचे घोटे एकमेकांना लागतात का? पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलते का? बसलेली उठताना सगळा भार पुढच्या पायांवर घेते का? हे दिसलं तर खुब्याच्या सांध्याची शंका घ्या. मग तिला दहा-पंधरा मिनिटं सलग दौडू द्या. धाप लागणं ठीक आहे, पण थांबल्यावर श्वास किती लवकर जागेवर येतो, तिकडे लक्ष ठेवा. पळायला सांगितल्यावर मालकच अवघडला, तर त्यातूनही बरंच कळतं.

यानंतर ओढीची परीक्षा. तिच्या आवडीचा चेंडू उंच गवतात टाका, नेमका कुठे पडला ते तिला दिसू देऊ नका. जिच्यात कामाचं रक्त टिकलंय ती नाक जमिनीला लावून शोधत राहते. सापडला नाही तरी जागा बदलून पुन्हा शोधते, हाक मारली तरी लवकर येत नाही. जी एक चक्कर मारून मालकाकडे परत येते, ती वाईट नाही. नातवंडांच्या घरासाठी मी बहुधा तिचंच पिल्लू सुचवीन. शेतासाठी नाही.

धीर बघायला आपल्या शहरात वेगळं काही करावंच लागत नाही. लग्नसराईत गल्लीतून वरात जाते, बँड असतो, सुतळी बॉम्ब फुटतात. अशा संध्याकाळी भेटीची वेळ मागा. दचकणं स्वाभाविक आहे, प्रश्न सावरण्याचा आहे. अर्ध्या मिनिटात कान पुन्हा सरळ करून आवाजाच्या दिशेने बघायला जाणारी आई मला हवी असते. पलंगाखाली शिरून रात्रभर थरथरणारी नको, मग तिच्या गळ्यात कितीही पदकं असोत. तिची भीती रक्तातून जाऊ शकते, आणि पिल्लं पहिले काही आठवडे तिच्याकडे बघूनही शिकतात.

पिल्लाच्या स्वतःच्या चाचण्यांवर फार विसंबू नका. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पालथं धरून किंवा टाळी वाजवून पुढचा कुत्रा कळत नाही. आई आणि बाप बघितल्याने त्याहून खूप जास्त कळतं.

कागद बघायचे ते असे. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, गुण सांगत नाही. नावांआधी नुसतं ‘सीएच’ दिसलं तर ते प्रदर्शनातलं विजेतेपद. शेफर्डच्या परदेशी वंशावळीत ‘आयजीपी’ किंवा त्याची जुनी नावं ‘आयपीओ’ आणि ‘एससीएचएच’ दिसली, तर माग काढणं, आज्ञापालन आणि बचाव यांची परीक्षा झालेली असते. ती किती पिढ्या मागे आहे ते मोजा. पणजोबाची पदवी पिल्लाच्या फार उपयोगाची नाही. तसंच, आईच्या आणि बापाच्या बाजूला एकच नर पुन्हा पुन्हा येतोय का, ते बघा. सावत्र भावंडांच्या संकरात अंतःप्रजननाचं प्रमाण १२.५ टक्के असतं, सख्ख्यांच्या २५ टक्के. ‘लाइन ब्रीडिंग केलंय’, म्हणजे एकाच घराण्यातल्या नात्यातल्या कुत्र्यांचा संकर केलाय, असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा हा हिशेब आठवा.

खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे मागा, आईचा आणि बापाचा दोघांचाही. तो कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाल्यावर, गुंगी देऊन, नीट सरळ झोपवून काढलेला हवा. ‘आमच्याकडे कधी लंगडलं नाही’ हे त्याचं उत्तर होत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद असावी लागते. नोंदणीचा क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला?

लॅब घेणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगते. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात कोळ्यांना जाळी ओढायला मदत करत. आज आपल्याकडे घरोघरी त्यांची वजनं ४० किलोच्या पुढे जातात, कारण ‘भरलेलं’ पिल्लू लवकर विकलं जातं. पण सगळा दोष प्रदर्शनाला देणं बरोबर नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडोरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल असतो, आणि मदतनीस कुत्र्यांच्या घराण्यांत तो तीन चतुर्थांश कुत्र्यांत सापडला. खाण्यासाठी आतुर असलेला कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून कामासाठीच्या निवडीतही तो बदल पुढे गेला असावा. कामाचं घराणं म्हणजे निर्दोष घराणं, असं समजू नका.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७० पासून श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्यासारखा मॅलिनॉइज, म्हणजे पोलीस-सैन्यात वापरला जाणारा बेल्जियन शेफर्ड, हवा म्हणून थाटीपूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी पिल्लू बघणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. त्या कुत्र्याला रोज काही तास शरीराचं आणि डोक्याचं काम लागतं. नाही मिळालं तर तो सोफा फाडतो, शेपटीमागे गोल गोल फिरत राहतो, शेवटी चावतो, आणि दोष कुत्र्याच्या माथी येतो. अशा घरासाठी घरगुती वळणाच्या घराण्यातलं पिल्लू हीच योग्य निवड.

शेतावर जागा असेल तर कारवानीचा, म्हणजे मुधोळ हाउंडचा, जरूर विचार करा. उष्णता त्याला सोसते, आणि मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी जपलेला हा कुत्रा आपल्याला परका नाही. टेकनपूरला आता या जातीलाही शिकवतात. तिथल्या रिया नावाच्या मुधोळ मादीने लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये परदेशी जातींना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. पण मागणी वाढली की इथेही तेच सुरू होतं : रंग, उंची, शर्यतीसाठी मिसळलेलं ग्रेहाउंडचं रक्त. राजपालयम या तमिळनाडूच्या शिकारी जातीचं तर हे होऊन बसलं आहे. पांढरा शुभ्र, गुलाबी नाकाचा हवा म्हणून निवड झाली आणि बहिरी पिल्लं वाढली. पांढरं पिल्लू बघताना ते झोपलेलं असताना मागून चाव्या वाजवून बघा.

शेवटी नर पाळणाऱ्यांसाठी. तुमचा कुत्रा देखणा निघाला की मेळ्यातल्या डॉग शोनंतर फोन सुरू होतात : ‘काकू, एकदा मेटिंगला द्या ना.’ दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत नाही म्हणा. मग एक्स-रे काढा, मैदानात पळवा, वरातीत बघा, आणि समोरच्या मादीचंही हेच सगळं मागा. ती अठरा महिन्यांची झालेली असावी आणि वर्षभरात तिला पिल्लं झालेली नसावीत, हे नियमातच आहे. एवढं जमलं तर जरूर द्या. पिल्लं ज्या घरी जातील त्यांचे फोन नंबर लिहून ठेवा आणि वर्षाने प्रत्येकाला विचारा : लंगडतो का, घाबरतो का, चेंडू शोधतो का. पुढच्या वेळी त्याच नराला पुन्हा द्यायचं की नाही, ते त्या उत्तरांवरून ठरवा.