आजोबांच्या वावराची वाटणी वेळेत कशी करावी

वाटणी म्हणजे एकरांचा भागाकार अशी समजूत असते; प्रत्यक्षात आपल्याकडे भाऊ तुटतात ते विहिरीवरून, धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून आणि बहिणीचे नाव ऐनवेळी निघाल्यावरून. म्हणून आजोबा बोलते-चालते असतानाच, उन्हाळ्यात वावर मोकळे असते तेव्हा, हे काम हाती घ्यावे.

आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढावेत. जमीन आजोबांकडे कशी आली हे फेरफारांवरून कळते, आणि पुढचे बरेचसे त्यावरच ठरते. स्वकष्टार्जित जमिनीचे मृत्युपत्र ते दोन साक्षीदारांसमोर मनाप्रमाणे करू शकतात. वडिलोपार्जित सामायिक जमिनीत मात्र केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरते. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असेल, तर तो कोण फेडणार हेही तेव्हाच ठरवावे.

मग आत्यांना बोलवावे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या सुधारणेने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. एखादीला हिस्सा सोडायचाच असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र तिने विचारांती करावे. तेरवीची पंगत उठताच तिच्यापुढे सहीचा कागद सरकवणे मला निर्दयपणाचे वाटते.

यानंतर सगळ्यांनी वावरात जाऊन उभे राहावे. आमच्या घरी हेच करायचे राहून गेले. कागदावर तिन्ही हिस्से सारखे होते, पण विहीर धाकट्या काकांकडे गेली आणि वडिलांच्या तुकड्याला पांदणीवरून (शेताकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावरून) वाट उरली नाही. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडे धरली असताना पाण्याची पाळी चुकली, आणि पुढची चार वर्षे दोघे भाऊ एकमेकांच्या दारात गेले नाहीत. म्हणून कोणत्या दिवशी कोणाची पाळी, मोटारपंपाची दुरुस्ती आणि वीजबिल कोणाकडे, बंडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट कुठून, धुऱ्यावरच्या बाभळी कोणाच्या, हे एकेक करून लिहून घ्यावे. विहिरीतील हिस्सा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त नोंदवून घ्यावा.

सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 अन्वये तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. हिश्श्यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. हे सारे होण्याआधीच आजोबा गेले, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवावे, मात्र वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

आणि वाटणी जिवंतपणी होत असेल, तर आजी-आजोबांच्या नावे एक तुकडा राखावा, त्यांच्या वाट्याची तूर आणि ज्वारी दरसाल कोण पोहोचवणार हे त्याच कागदावर लिहावे आणि सह्या घेण्याआधी तो कागद आजीला मोठ्याने वाचून दाखवावा.