दूरच्या घरासाठी प्रॉपर्टी मॅनेजर नेमताय? या चुका टाळा

महिन्याच्या हिशेबासोबत मला नळाचा फोटो आला. स्वयंपाकघरातला नळ बदलला, एवढाच मजकूर आणि बिल. तीन महिन्यांनी पुन्हा नळ बदलला, पुन्हा फोटो. दोन्ही फोटो सहज शेजारी ठेवून पाहिले, तर सिंकच्या कडेला तीच हिरवी घासणी, तशीच तिरकी पडलेली, आणि साबणाची वडीही तेवढीच झिजलेली. नळ एकच, बिलं दोन. घर माझ्यापासून इतकं लांब होतं, की जाऊन बघायचं तर नळाच्या कितीतरी पट खर्च प्रवासालाच झाला असता. मॅनेजरला हे पक्कं ठाऊक होतं.

तो माणूस मी नेमला कशावरून? तर सगळ्यांत कमी टक्के मागत होता म्हणून. लांबून घर भाड्याने देणारे बहुतेक जण इथेच फसतात.

जरा हिशेब करून बघा. एक मॅनेजर भाड्याच्या ८ टक्के मागतो, दुसरा १०. फरक २ टक्क्यांचा, म्हणजे वर्षाकाठी साधारण ७ दिवसांचं भाडं. स्वस्तातल्या मॅनेजरने नवा भाडेकरू आणायला आठवडाभर जास्त लावला की ती बचत संपली. घर पूर्ण महिना रिकामं राहिलं, तर वर्षाच्या उत्पन्नातले ८ टक्क्यांहून जास्त गेले. म्हणून टक्क्यांवर घासाघीस करण्याआधी विचारा: मागच्या वर्षी तुमच्याकडची घरं दोन भाडेकरूंच्या मध्ये सरासरी किती दिवस रिकामी होती? ज्याच्याकडे हा आकडा नाही, त्याचं घरांकडे लक्ष नाही असं मी खुशाल धरून चालतो.

दुसरं, टक्के कशाचे? ठरलेल्या भाड्याचे की प्रत्यक्ष हातात आलेल्या भाड्याचे? हातात आलेल्या रकमेवर घेणारा भाडं थकलं की स्वतःच अस्वस्थ होतो. नवा भाडेकरू आणण्याची वेगळी फी असेल तर आणखी जपून राहा. दर वर्षी भाडेकरू बदलला तर तुमचं नुकसान आणि त्याची कमाई होते. भाडेकरू मुदतीआधी गेला तर पुढचा आणण्याची फी लागणार नाही, असं करारात लिहून घ्या. दुरुस्तीच्या बिलावर तो स्वतःचं काही चढवतो का, हेही तोंडावर विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

त्याने दिलेल्या खूश मालकांच्या फोन नंबरांवर फार विसंबू नका. नाराज मालकाचा नंबर कोण देईल? त्यापेक्षा त्याची एखादी जाहिरात शोधा आणि घर हवंय म्हणून फोन करा. उलट फोन दोन दिवसांनी आला, तर तुमच्या घरासाठी फोन करणाऱ्यालाही तेवढंच थांबावं लागणार. नावं झाकलेला एखादा मासिक हिशेब मागून घ्या. आणि गोड बोलून काम मिळवणारा माणूसच पुढे घर सांभाळणार आहे की दुसरा कुणी, त्याच्याकडे आधीच किती घरं आहेत, हे स्पष्ट करून घ्या.

करारात खर्चाची मर्यादा हवीच. त्यावरच्या कामाला आधी परवानगी, अपवाद फक्त पाणी, वीज, गॅस यांच्या तातडीच्या कामांचा. मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर भाडं, करार आणि दुरुस्ती एवढ्यापुरतंच द्या, विक्री किंवा गहाणाचा अधिकार त्यात नको. अनामत रक्कम कुणाच्या खात्यात राहणार हेही लिहा. मॅनेजर गायब झाला तरी भाडेकरू ती तुमच्याकडेच मागणार.

आधीच चुकीचा माणूस नेमला असेल तर

रागाच्या भरात लगेच नोटीस पाठवू नका. मी पाठवली आणि मूळ भाडेकरार मिळवायला दोन महिने मागे लागलो. आधी करारांच्या प्रती, अनामतीचा हिशेब, भाडेकरूचा नंबर आणि किल्ल्या कुणाकडे किती आहेत त्याची यादी हाती घ्या. करार मोडण्याची मुदत आणि दंड वाचा. मग नोटीस द्या, आणि कोणत्या तारखेपासून भाडं कोणत्या खात्यात भरायचं ते भाडेकरूला स्वतः लेखी कळवा. हे राहिलं तर एखाद्या महिन्याचं भाडं जुन्याच खात्यात जातं.

नव्या मॅनेजरकडून पहिल्याच भेटीत तारखेसह सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ घ्या, सिंकखालच्या कपाटासकट. गळती आधी तिथे दिसते. माझ्या नव्या मॅनेजरबाईंनी दुसऱ्याच महिन्यात बाथरूमच्या भिंतीवरच्या ओलीचा फोटो पाठवला, सोबत दोन कारागिरांचे दर आणि त्यांतला कोणता का घ्यावा हे चार ओळींत. भाडेकरूने तोवर तक्रारही केली नव्हती.